चार नंबर मिसिंग

जो कदाचित जिवंत असेल अशा एका माणसाला जाळायला आम्ही निघालो होतो, आणि वाटेत खायला पोळ्या आणि बटाट्याची भाजी बरोबर घेतली होती.

माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाला आम्ही मोठे बाबा म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला मोठी आई. त्यांना चार मुलगे. त्यातला सगळ्यात धाकटा, माझ्याहून थोडा मोठा, एका दुपारी सायकलचं पंक्चर काढून आणतो असं सांगून घराबाहेर पडला आणि परत आला नाही. सायकल दुकानातच सापडली. पंक्चर काढलेलं होतं. दुकानदार म्हणाला, "पोरगा म्हणे, आलोच." त्यापुढचं कोणालाच काही सांगता आलं नाही. भांडण नाही, नापास होणं नाही, चिठ्ठी नाही. पोलीस चौकीत मोठी आई महिनोन् महिने जाऊन बसायची, आणि तिथला हवालदार आतल्या माणसाला ओरडून सांगायचा, "ती मिसिंगवाली बाई आली." मोठी आई खेड्यातली, दुसरी-तिसरीपर्यंत शिकलेली. तिच्या तोंडात बसलेला पहिला इंग्रजी शब्द हा. घरात धाकट्याचं नाव घेणं हळूहळू बंद झालं, पण ती म्हणायची, "माझा एक मिसिंग आहे," जसं एखादी बाई म्हणेल की माझा एक मुंबईला आहे.

बारा वर्षं पत्ता नसलेला माणूस गेला असं शास्त्र धरून चालतं. मग त्याच्यासाठी पालाशविधी करतात. पळसाच्या पानांचा आणि देठांचा माणूस बांधायचा, डोक्याच्या जागी नारळ लावायचा, मंत्र म्हणून त्यात त्या नाहीशा झालेल्याला बोलवायचं आणि नदीकाठी रीतसर अग्नी द्यायचा. त्यानंतर तो मेलेला. वाट पाहणं संपलं.

मोठे बाबा जुन्या सचिवालयातून निवृत्त झालेले. दारावरची पितळी पाटी रोज पुसली जायची. हुद्द्याच्या आधी 'माजी' होतं, पण ते वाचायला पायरी चढावी लागे. देवाबद्दल त्यांना विशेष आस्था नव्हती. नियमाबद्दल होती. 'नियमात बसतं' ही त्यांची सर्वांत मोठी स्तुती, आणि पालाशविधी नियमात बसत होता. तिघा मुलांनी आपापल्या नोकरीच्या गावाहून संमती कळवली. मोठ्या आईला कोणी विचारलं नव्हतं, तरी तिने गुरुजींना विचारलंच.

"आन् मग तो परत आला तं?"

गुरुजींना याचंही शास्त्र माहीत होतं. "तर त्याला तुपाच्या घड्यात बसवून बाहेर काढायचं. नंतर जातकर्मापासून सगळे संस्कार पुन्हा. तो नव्याने जन्मला असं मानायचं."

"म्हणजे मी त्याले या वयात पुन्हा जन्माले घालू?"

"घडा घालतो, मावशी. तुम्ही फक्त शेजारी बसायचं."

"एवढा मोठा घडा कुठं भेटते, ते सांगा आधी," मोठी आई म्हणाली. पण तिच्या आवाजात विनोद नव्हता. हे एकदा झालं की पोरगा दारात येऊन उभा राहिला तरी तो तिचा उरणार नाही, तुपातून निघालेला कोणीतरी असेल, हे तिला आमच्यापेक्षा नीट कळलं होतं. असल्या विधीला बायका जात नाहीत. ती म्हणाली, "मी येईन." मोठ्या बाबांना तसं न येण्याचा लेखी नियम सापडला नाही.

पौषातली अमावस्या ठरली. जागा पवनी, वैनगंगेचा घाट. नागपूरहून उमरेड आणि भिवापूरवरून जायचं. मोठ्या बाबांची काळी गाडी मूळची पेट्रोलची. पेट्रोल महागल्यावर त्यांनी तिच्या पोटात डिझेलचं इंजिन बसवून घेतलं होतं, त्यामुळे बाहेरून ती साहेबाची वाटे आणि आवाजावरून शेतावरच्या पंपाची. चालवायला मी होतो. कॉलेजात मुलं मला 'सर' म्हणत. गाडीत मोठे बाबा मला 'सावकाश' म्हणत.

पानांचा माणूस खरं म्हणजे घाटावर बांधायचा. पण मोठ्या बाबांचा पूर्वतयारीवर विश्वास. त्यांनी गुरुजींना आदल्या संध्याकाळीच घरी बोलावून तो बांधून घेतला. फक्त डोळे राहिले. कवड्यांचे डोळे घाटावर लावायचे होते. सकाळी मी त्याला डिक्कीत ठेवायला गेलो तर मोठी आई आडवी आली.

"डिक्कीत नाही. बसव त्याले."

म्हणून तो मागच्या सीटवर बसला. एका खिडकीशी मोठी आई, दुसऱ्या खिडकीशी गुरुजी, मध्ये तो. पानं वाळून चुरू नयेत म्हणून तिने त्याच्या अंगावर ओला पंचा टाकला होता. नारळ तेवढा वर दिसत होता. गुरुजी दाराला इतके चिकटून बसले होते की दार उघडलं असतं तर रस्त्यावर पडले असते. मी मंत्रतंत्र मानत नाही आणि तेव्हाही मानत नव्हतो, पण आरसा मी जरा वर फिरवून घेतला.

उमरेड मागे पडलं आणि गाडीचा आवाज बदलला.

आधी वाटलं रस्ता खराब आहे. मग लक्षात आलं की झटका इंजिनातून येतोय. धक, धक, धक, आणि एक रिकामी जागा. पुन्हा तीन, पुन्हा रिकामी जागा. चालताना एक पाय नसलेल्या माणसासारखी गाडी पुढे जात होती. मी पाय दाबला की झटके वाढत, सोडला की सावकाश होत, पण ती जागा काही भरून येत नव्हती. मागे पांढुरका धूर सुटला होता. रस्त्यावर दुसरं कोणी नव्हतं. थंडीतलं ऊन होतं, स्वच्छ, आणि दोन्ही बाजूंच्या शेतांत माणूस नाही. मी मागचा धूर पाहायला म्हणून आरसा खाली केला. नारळ हलत होता. इंजिनाच्या प्रत्येक रिकाम्या जागेला तो एकदा पुढे झुकायचा आणि परत वर यायचा. हो म्हणाल्यासारखा. पंच्याखालून पानांचा बारीक आवाज येत होता.

झटक्याने डोकं हलणं यात नवल काही नाही. आम्हा सगळ्यांचीच हलत होती. पण आमची हलत होती ती गाडी हलत होती म्हणून, असं वाटत होतं. त्याचं तसं वाटत नव्हतं.

मोठ्या आईने त्याच्या छातीवर, म्हणजे पंच्यावर, हात ठेवला. प्रवासात झोपलेल्या मुलाला धरतात तसा.

"काय झालं?" मोठे बाबा म्हणाले.

"इंजिन नीट चालत नाहीये."

"मागच्याच महिन्यात सर्व्हिसिंग झालं आहे," ते म्हणाले, इंजिनाला हे ठाऊक नसेल अशा स्वरात.

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "दुपार टळायच्या आत अग्नी द्यायला हवा."

भिवापूरच्या अलीकडे रस्त्याला लागून एक पत्र्याची शेड होती. वर लिहिलं होतं 'डिझेल स्पेशालिस्ट', आणि त्याखाली इंजिनाचं चित्र, ज्यात इंजिनाला चेहरा होता. आसपासच्या विहिरींवरची ऑइल इंजिनं इथे दुरुस्तीला यायची. शेडच्या पलीकडे मोकळ्या जागेवर मिरची वाळत घातलेली. रस्त्यापासून शेताच्या धुऱ्यापर्यंत जमीन लाल. त्या लालात दहा-बारा बायका खाली वाकून मिरची निवडत होत्या. नाकातोंडाला फडकी बांधलेली, फक्त डोळे उघडे. आम्ही तिघे पुरुष उतरलो तशी त्यांनी एकदम मान वर केली आणि मग एकदम खाली घातली. आम्ही चौघंही खोकायला लागलो. त्यांच्यातली एकही खोकली नाही.

मिस्त्री बाहेर आला. नागपूरची गाडी पाहून त्याची छाती फुगली. त्याने बॉनेट उघडण्याआधीच निदान सुरू केलं: आधी फिल्टर, मग पंप, मग एकूण नागपूरचे मिस्त्री. "तुमच्या तिकडचे लोकं फक्त बिल बनवते, साहेब. पाना कोनत्या हातात धरावं तेही त्याईले माहीत नाही." मोठ्या बाबांनी आपण कोणत्या खात्यातून निवृत्त झालो ते त्याला सांगितलं. त्याने आपण कोणाकोणाचे ट्रॅक्टर दुरुस्त केले ते सांगितलं. दोघांचं समाधान झाल्यावर तो मला म्हणाला, "चालू ठेवा गाडी," आणि कान इंजिनाकडे लावून उभा राहिला.

"मिसिंग करून राहिली," तो म्हणाला.

मागची काच खाली होती. मोठी आई गाडीतच बसलेली. "काय म्हणते तो?" तिने मला विचारलं. मी काही म्हणायच्या आत मिस्त्री मोठ्याने म्हणाला, "मिसिंग आहे, माय! चौघांतला एक मिसिंग आहे!"

डिझेल मेकॅनिक ज्याला मिसिंग म्हणतात ते असं: चार सिलिंडर आलटून पालटून धक्का देतात, त्यातल्या एकाचा धक्का लागत नाही, तो चुकतो. गाड्यांच्या दुनियेत रोज शंभरदा म्हणायचा शब्द. मला तो माहीत होता. तरी मी मोठ्या आईकडे पाहायचं टाळलं. मोठे बाबा रस्त्याकडे पाहायला लागले.

मोठी आई उतरली. पदर आवळून घेत बॉनेटपाशी आली.

"कोनता?"

"तेच पाहून राहिलो."

आणि त्याने ते पाहिलं, ते असं. प्रत्येक सिलिंडरला डिझेल नेणारी एक बारीक पोलादी नळी असते आणि तिच्या टोकाला नोझल, जी आत डिझेलचा फवारा मारते. मिस्त्रीने चालत्या इंजिनावर पहिल्या नळीचा नट ढिला केला. डिझेल बाहेर उडालं, आत गेलं नाही, आणि इंजिन घसरलं, बंद पडतंय की काय असं झालं. त्याने नट आवळला. आवाज परत आला.

"एक नंबर जिता आहे," तो म्हणाला. "त्याले बंद केलं तं घर हलते."

दुसऱ्याला तसंच. तिसऱ्याला तसंच. मग त्याने चौथ्याचा नट ढिला केला. डिझेल उडालं. आवाजात काहीच फरक पडला नाही. जसा आधी होता तसाच. तीन धक्के आणि ती रिकामी जागा.

"हा पाहा," मिस्त्री म्हणाला. "याले बंद केलं काय आन् चालू केलं काय, घरच्याईले फरक नाही. चार नंबर मिसिंग."

चारांतला कोणताही एक बिघडू शकतो. चौथाच बिघडावा हा योगायोग काही मोठा नाही, असं मी स्वतःला तिथेच सांगितलं, आणि पुढे बरीच वर्षं सांगत आलो.

"मेला काय?" मोठ्या आईने विचारलं.

"कोन?"

"चार नंबर."

मिस्त्रीला असे प्रश्न आवडत असावेत. त्याने धुराकडे पाना दाखवला. "मेला असता तं धूर काहून आला असता? पांढरा धूर आहे. म्हणजे माल जाऊन राहिला, पन जळून नाही राहिला."

मोठी आई मोठ्या बाबांकडे वळली. "ऐकलं का? जळत नाही म्हणते तो."

"तो इंजिनाबद्दल बोलतोय," मोठे बाबा म्हणाले.

"मंग मी कशाबद्दल बोलून राहिली?"

मिस्त्री मध्येच म्हणाला, "आता दोष नोझलचा का सिलिंडरचा, ते पाहावं लागन. चाराचं नोझल एकाले लावतो, एकाचं चाराले. मिसिंग एकात गेलं तं दोष नोझलचा."

"एकाले नको लावू!" मोठी आई इतक्या जोरात म्हणाली की मिरचीतल्या बायकांनी पुन्हा माना वर केल्या. "मोठ्याच्या जागी काहून लावतं गा? त्याचं चांगलं चाललं आहे ना!"

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. मी इंग्रजी वाङ्मय शिकवणारा माणूस, मी त्याला म्हणालो, "दुसरा काही उपाय असेल तर बघा." मोठ्या बाबांनीही मान हलवून दुजोरा दिला. थोरला मुलगा त्यांचाही होता.

दुसरा उपाय होता. त्याने चौथं नोझल काढलं, बाहेरच त्याच्या नळीला जोडलं आणि मला किल्ली मारायला सांगितलं. "हात लावू नका कोनी, कातडीत घुसते." निरोगी नोझल म्हणे धुक्यासारखा फवारा मारतं. या नोझलच्या तोंडातून डिझेलची लाळ गळली. थेंब थेंब, झोपलेल्या म्हाताऱ्यासारखी.

"अटकला आहे," तो म्हणाला. "अंदर एक सुई असते, ते अटकली. मेला नाही, माय. कुठंतरी अटकला आहे."

मोठी आई शेडमधल्या बाजेवर जाऊन बसली. तिचा चेहरा मी पाहिला आणि नजर फिरवली. बारा वर्षं ती चौकीत, देवळात, दर्ग्यात, भविष्यवाल्याकडे एकाच वाक्यासाठी गेली होती, आणि ते तिला तेलकट हातांच्या एका बढाईखोराने, कोणाबद्दल बोलतो आहोत हे न कळता, देऊन टाकलं होतं.

त्याने नोझल उघडलं. पेन्सिलीपेक्षा थोडी बारीक अशी सुई काळी पडून जागच्या जागी चिकटली होती. रॉकेलमध्ये बुडवून, लाकडाच्या काडीने खरवडून, बोटांत फिरवून फिरवून त्याने ती मोकळी केली. या सगळ्यात तो पहिल्यांदाच गप्प होता. शेवटी त्याने सुई उभी धरून तिच्या घरात सोडली आणि ती आपल्याच वजनाने, आवाज न करता, आत उतरली.

"सुटली," तो म्हणाला.

"साडेबारा होत आले," गुरुजी म्हणाले, आणि हातपाय धुवायला विहिरीवर गेले.

नोझल बसलं. मी किल्ली मारली. चारही धक्के लागले. कान इतका वेळ त्या रिकाम्या जागेला सरावले होते की भरलेला आवाज चुकीचा वाटला. मोठे बाबा इंजिनावर वाकून 'व्यवस्थित, व्यवस्थित' म्हणत होते.

भिवापूरला काय आणि नागपूरला काय, अमावस्येला गाडीवाला माणूस गाडीपुढे नारळ फोडतो. त्यातून गाडी नुकतीच दुरुस्त झालेली. मिस्त्रीने हात पुसले आणि शोधक नजरेने आजूबाजूला पाहिलं. गाडीचं मागचं दार उघडं होतं. ओल्या पंच्याच्या वर नारळ होता.

"हा घेऊ काय, माय? पूजेचा तं नाही?"

मी गाडीतच होतो. मला ऐकू आलं. मी आरशात मोठ्या आईकडे पाहिलं. ती बाजेवर ताठ बसली होती.

"नाही," ती म्हणाली. "घे."

त्याने नारळ उपटला. पानं चरचरली. आणि मोठ्या बाबांची मान वर येईपर्यंत त्याने तो पुढच्या चाकासमोरच्या दगडावर फोडला. एका घावात. पाणी चाकाखालून वाहत मिरचीच्या कडेपर्यंत गेलं.

विहिरीवरून गुरुजी ओरडले, "अहो, शिर! शिर फोडलं!"

"कोनाचं शिर?" मिस्त्रीने विचारलं. तो खरंच घाबरला होता. त्याने चाकाखाली वाकून पाहिलं.

मागच्या सीटवर बिनडोक्याचा पंचा बसला होता. मला आठवतं, तेव्हा वाऱ्याची झुळूकही नव्हती आणि तरी तो हळूहळू एका बाजूला कलला, मोठी आई बसायची त्या बाजूला, आणि तसाच राहिला. नारळ काढताना दोरी ढिली झाली असणार.

मिस्त्रीने खोबऱ्याचे तुकडे केले होते. हातातलं काम अर्धं कसं सोडायचं, म्हणून त्याने पहिला तुकडा रीतीप्रमाणे साहेबांपुढे धरला. मोठे बाबा त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. प्रसाद नाकारू नये असा नियम आहे. त्यांनी तो घेतला, तोंडात टाकला आणि चावायला लागले. त्यांना दातांचा त्रास होता. ते हळू चावायचे. आम्ही सगळे त्यांचं चावून होईपर्यंत उभे होतो.

गुरुजी धापा टाकत आले. "बाजारात दुसरा नारळ मिळेल. वेळ आहे अजून."

मोठ्या बाबांनी रुमालाने ओठ पुसले. "पुढची तिथी आम्ही तुम्हाला कळवू," ते म्हणाले.

आयुष्यभर सरकारी कचेरीत काढलेल्या माणसाचं 'कळवू'. गुरुजी समजले. मीही समजलो. मोठी आई कचेरीत कधी गेली नव्हती, तिने मला विचारलं, "कळवू म्हणजे?" मी म्हणालो, "म्हणजे नाही." ती उठली. मिरची निवडणाऱ्यांतली एक बाई तोवर गाडीशी आली होती, तिने पंचा बाजूला करून पानं चाचपली आणि फडक्याआडून म्हणाली, "चांगली आहे पानं. पत्रावळीले होतीन. वाया काहून घालवता वं?" मोठ्या आईने दोरी स्वतः सोडली आणि सगळी पानं तिच्या ओच्यात घातली.

परतीच्या रस्त्यावर गाडी सरळ चालली. मागची मधली जागा रिकामी झाली होती, तरी गुरुजी दाराला चिकटूनच होते. पोळ्या कोणी खाल्ल्या नाहीत.

धाकटा आला नाही. मोठी आई त्यानंतर पाच-सहा वर्षांनी गेली, तेव्हाही तो मिसिंगच होता. वर्तमानपत्रात निधनाची बातमी द्यायची होती. थोरल्याने मजकूर सांगितला: त्यांच्यामागे पती, तीन मुलगे, सुना, नातवंडं असा परिवार आहे. मी लिहून घेतला. मोठे बाबा आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते. ते डोळे न उघडता म्हणाले, "चार."

"बाबा, लोक विचारतील."

"चार मुलगे. बरोबर तेच छापून यावं."

तसं छापून आलं. समाचाराला येणारे ओळीने बसलेल्या तिघांना नमस्कार करायचे आणि मग नकळत चौथ्या माणसाकडे वळायचे. तिथे भिंत होती. एक-दोघांनी हात जोडलेही.